'स्टीप'ला मराठीत काय म्हणाल? मुरू द्या, कढवा की उतरू द्या

आधण
शरद ऋतूतल्या घरगुती पेयांच्या इंग्रजी कृतींचं एका पुस्तिकेसाठी मराठी करते आहे. वाचक मुंबईचे, म्हणजे ऐन शरदात 33-34 अंशांत घामाघूम झालेले. अडलंय एका ओळीवर: दुधाला उकळी आली की गॅस बंद करा, दालचिनी-वेलदोडे घाला, झाका आणि 10 मिनिटं 'स्टीप' होऊ द्या. मी 'मुरू द्या' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'कढवा' केलं. मुरतं ते लोणचं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही काय लिहाल?

पाटावरवंटा
'कढवा' तर नकोच. लोणी कढवतात, त्यातलं पाणी जाऊन तूप सुटेपर्यंत. कढवणं म्हणजे खाली आच हवीच. वेलदोड्याचा वास वाफेबरोबर उडून जातो, म्हणून तर मूळ कृतीत गॅस बंद करून झाकायला सांगितलंय. 'कढवा' वाचून कोणी 10 मिनिटं उघडं उकळलं तर पेल्यात नुसतं दाट दूध उरेल.

'उतरू द्या' लिहा. रंग उतरतो, अर्क उतरतो, तसा वेलदोडा दुधात उतरतो. अर्ध्या लिटरला 4 वेलदोडे सालासकट ठेचून आणि बोटभर दालचिनी पुरे. दालचिनीची पूड नको, ती गरम दुधात फुगून बुळबुळीत होते आणि गाळूनही निघत नाही.

कषाय
नेमके शब्द आपल्याकडे आहेत, ते वापरायचे का सोडायचे? शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, तीन वेगळ्या क्रिया, तीन वेगळी नावं. क्वाथ: 1 भाग द्रव्य, 16 भाग पाणी, उकळून आठवा हिस्सा उरवायचा. फांट: कुटलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी ओतायचं, मग गाळायचं. हिम: सहापट गार पाण्यात रात्रभर. तुमचं 'स्टीप' म्हणजे फांट.

उष्ण हवेच्या वाचकांना द्यायचंच तर धान्यक हिम द्या. 25 ग्रॅम धणे जाडसर कुटून 150 मिली पाण्यात रात्रभर झाकून ठेवायचे, सकाळी गाळून खडीसाखर. धण्यांचं पीठ केलंत तर पाणी गढूळ आणि कडवट होतं. शरद हा पित्ताचा ऋतू, आणि हे अंगातल्या दाहावरच सांगितलं आहे.

दादरपश्चिम
एक हात पातेल्याच्या झाकणावर असताना 'फांट'चा अर्थ कोण शोधणार? शब्द वाचून हात चालला पाहिजे. मी सरळ 'काढा करा' म्हणेन. अर्क काढतात तो काढा, आता तो उकळून काढा नाहीतर झाकून काढा.

कषाय
ही व्युत्पत्ती चुकीची आहे. काढा आला 'क्वाथ'वरून. कढ, कढत, कढी सगळी त्याच 'क्वथ्'ची, म्हणजे उकळण्याची. 'काढणे'चं मूळ 'कृष्', ओढणे. उकळी नाही तर काढा नाही.

दादरपश्चिम
मग सोलकढीचं काय? आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, कुस्करून गाळायची, नारळाचं दूध मिसळायचं. गॅसचा संबंध येतो कुठे? उलट गॅसवर ठेवलीत तर आंबटामुळे नारळाचं दूध फुटून चोथा वेगळा, पाणी वेगळं. नाव मात्र कढी. शब्द वापराने पुढे सरकतो, मुळाला बांधलेला राहत नाही. कढईही कढण्यावरूनच आली, पण आपण तिच्यात तळतोच ना?

पाटावरवंटा
कढई 'कटाह'वरून, तिचा कढण्याशी संबंध नाही. सोलकढीला कढी म्हणतात ते भातावर कढीसारखी घेतात म्हणून, एवढंच मला पटतं.

आधण
पुढच्या कृतीत हीच क्रिया आल्याची आहे. तिथेही 'उतरू द्या' चालेल?

पाटावरवंटा
शब्द चालेल, दूध नासेल! कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारा एन्झाइम असतो. 60-65 अंशांना तो जोरात काम करतो, खळखळत्या उकळीत निकामी होतो. गॅस बंद करून आलं टाकलं तर दूध निवताना नेमकं त्या टप्प्यातून जातं. म्हणून आल्याला 'उकळा' हाच शब्द. आधी अर्धी वाटी पाण्यात ठेचलेलं आलं 3-4 मिनिटं खळखळून उकळा आणि मग त्यात गरम दूध ओता. गुळाचं उलट. आच बंद करून 5 मिनिटं थांबा, मग गूळ 'विरघळवा'. उकळत्या दुधात पडला तर त्यातल्या आम्लाने आणि क्षारांनी दूध फाटतं. एका इंग्रजी क्रियापदाला एकच मराठी क्रियापद लावायचा हट्ट इथे महागात पडतो.

सायसाखर
आणि कोजागिरीच्या दुधाला 'आटवा' लिहिण्याआधी किती ते लिहा. मसाला दूध लिटरचं पाऊण लिटर झालं की थांबायचं, ते प्यायचं असतं. निम्म्यावर आणलंत तर ती बासुंदी झाली. बदाम-पिस्ते मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, सोबत चमचाभर साखर. सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. केशराच्या 10-12 काड्या दोन चमचे कोमट दुधात 'भिजत घाला', जायफळ शेवटी चिमूटभर.

कषाय
कोजागरी. 'को जागर्ति', कोण जागं आहे, यावरून. 'गिरी'चा काही संबंध नाही.

सायसाखर
सगळी मुंबई कोजागिरी म्हणते. दूध आटवणाऱ्या लोकांनीच तो शब्द रुळवलाय. त्याला चूक ठरवायला मी तयार नाही.

दादरपश्चिम
हेच तर मी वर म्हणत होतो.

आधण
'उतरू द्या' आणि आल्याला 'उकळा' घेते. पण पुस्तिकेचं नाव अजून अडलेलंच आहे. 'पानगळीतली उबदार पेयं' असं सुचवलंय. आपल्याकडे पानगळ शिशिरात, कोजागिरी शरदात. आणि ऑक्टोबर हीटमध्ये ऊब कोणाला हवी?

पाटावरवंटा
'उबदार' काढाच. 'उबट'ही त्याच घरातला, कोंदलेल्या वासाचा. पेयाच्या उष्णतेला आपल्याकडे चढती भाजणी आहे: कोमट, ऊन, कढत. मुंबईत शरदात दूध 'ऊन' द्यावं, पेला हातात धरवेल इतपत.

दादरपश्चिम
'ऊन दूध' वाचून लोक पातेलं गच्चीत उन्हात ठेवतील.

कषाय
ठेवू देत! 'ऊन' म्हणजे 'उष्ण'च, दोन्ही अर्थांनी. आणि कोजागरीला दूध चांदण्यात ठेवतातच. शरदातल्या पाण्याला चरकाने 'हंसोदक' म्हटलंय, दिवसा सूर्याने तापलेलं आणि रात्री चंद्राने निवलेलं. नाव त्यातूनच काढा.

सायसाखर
चांदण्यात ठेवणार असाल तर पातेल्यावर मलमलचं फडकं बांधायला सांगा. आणि साखर आधी घातली असेल तर मुंग्यांसाठी खाली पाण्याची परात.