लयबिघाडाच्या संशोधनात उंदीर कशासाठी?

रानवाट (धागाकर्ती)

हृदयाच्या लयबिघाडावर नवे औषध 'उंदरांमध्ये यशस्वी', अशा बातम्या सतत वाचायला मिळतात. माझे मत स्पष्ट आहे. निदान या विषयात तरी उंदरांचा वापर थांबायला हवा. उंदराचे हृदय मिनिटाला ५०० ते ७०० वेळा धडधडते, आपले ७०च्या आसपास. एवढ्या घाईत प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला पूर्ववत व्हायला फार थोडा वेळ मिळतो, म्हणून ते काम तिथे वेगळ्याच पोटॅशियम वाहिन्या (पेशीच्या पडद्यातली पोटॅशियम जाऊ देणारी दारे) करतात. माणसात त्यातला मोठा वाटा हर्ग नावाच्या वाहिनीचा असतो. प्रौढ उंदरात तो नगण्य.

टर्फेनाडीन हे ॲलर्जीचे औषध नेमकी हीच वाहिनी अडवायचे. काही अँटिबायोटिक किंवा बुरशीवरच्या औषधांबरोबर घेतले की ते रक्तात साठायचे आणि जीवघेणी लय सुरू व्हायची. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढले. हा धोका उंदराचे हृदय कसा दाखवणार? मग त्यांचे जीव कशासाठी घ्यायचे?

काढाचिकित्सा

असहमत. औषध कंपनीत याच कामात आहे म्हणून सांगतो, हर्गचा धोका उंदरावर तपासतच नाहीत. २००५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आधी ती वाहिनी असलेल्या पेशींवर चाचणी होते, मग बहुधा जाग्या कुत्र्याचा किंवा माकडाचा ईसीजी घेतात.

उंदीर लागतो जनुकांसाठी. कनेक्सिन-४० हे प्रथिन पेशीपेशींमधले विद्युत दरवाजे बनवते. त्याचे जनुक काढलेल्या उंदरांत एव्ही नोड (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पोचवणारा थांबा) आणि त्यापुढच्या वाटेतले वहन मंदावलेले ईसीजीवर दिसले. हा प्रयोग माणसावर करणार का? आणि हृदयाचा पेसमेकर असलेला सायनस नोड कीथ आणि फ्लॅक यांना मोल या जमिनीखाली राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात आधी दिसला, १९०७ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. प्राणी वगळले तर या विषयाचा पायाच उरत नाही.

रानवाट

पाया तसा पडला म्हणून आजही तसेच करायचे, हे पटत नाही. एट्रियल फायब्रिलेशनमधला (हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे एट्रियम, अनियमित थरथरतात तो विकार) सर्वात उपयोगी शोध रुग्णांमध्येच लागला. १९९८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी ४५ रुग्ण तपासले, तेव्हा बहुतेक चुकार ठोके फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या आत सुरू होताना सापडले. आजचे ॲब्लेशन (लय बिघडवणारा भाग जाळून किंवा गोठवून निकामी करणे) त्यावरच उभे आहे.

मुक्तछंद

हे अर्धेच झाले. १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये बकऱ्यांच्या हृदयात विद्युत धक्क्यांनी फायब्रिलेशन पुन्हा पुन्हा सुरू केले. सुरुवातीला ते काही सेकंदांत आपोआप थांबायचे. पुढे बहुतेक बकऱ्यांत २४ तासांहून जास्त टिकू लागले. हा विकार स्वतःच स्वतःला घट्ट करतो, हे तिथे कळले. माझ्या वडिलांचा 'बघू पुढच्या महिन्यात' असा सूर होता, तेव्हा डॉक्टरांनी लवकर उपचार घ्या म्हणून धरलेला आग्रह मला यामुळेच समजला. त्या बकऱ्यांविषयी मला कृतज्ञता वाटते.

गोठा_ते_दवाखाना

पशुवैद्य म्हणून एक बाजू मांडतो, ती इथे कुणीच घेतलेली नाही. प्राण्यांनाही लयबिघाड होतो! घोड्यांत एट्रियल फायब्रिलेशन हृदयाचा दुसरा कोणताही आजार नसतानाही दिसते, कारण त्यांचा एट्रियम प्रचंड मोठा. फिरत्या लहरींना जागा मिळते. उंदराच्या इवल्या एट्रियममध्ये फायब्रिलेशन टिकवणे अवघड. (धागाकर्तीच्या बाजूने हा मुद्दा हर्गपेक्षाही भक्कम आहे.)

डोबरमन कुत्र्यांत हृदयाचे स्नायू सैलावण्याचा आजार आनुवंशिक असतो. वरून कुत्रा ठणठणीत, आणि एक दिवस खेळता खेळता कोसळतो. म्हणून मी मालकांना वर्षातून एकदा होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारे अंगावरचे यंत्र) लावायला सांगतो. २४ तासांत व्हेंट्रिकलचे (हृदयाच्या खालच्या कप्प्याचे) ३००हून जास्त जादा ठोके आले तर आजार धरून चालायचे. ही सगळी माहिती घरच्या कुत्र्यांकडून, मालकांच्या संमतीने मिळते. संशोधनाचा पैसा इकडे यावा, असे मला मनापासून वाटते.

अनाहत

मूलपेशींपासून माणसाच्या हृदयपेशी बनतात, संगणकावर हृदय चालवता येते. अमेरिकेने २०२२च्या अखेरीस आणि भारताने २०२३ मध्ये नियम बदलून अशा पद्धतींना वाट करून दिली. आता अडलंय कुठे?

काढाचिकित्सा

अडलंय ते ऊतकावर. त्या पेशी गर्भातल्या पेशींसारख्या कच्च्या असतात, आपोआप धडधडतात. आणि हार्ट ॲटॅकनंतरची जीवघेणी लय एका पेशीत नसते. व्रणाभोवती वळसा घालून लहर परत आली की ती सुरू होते. त्यासाठी भिंत लागते, जाडी लागते. संगणकाचे हृदयही मोजमापांवर चालते आणि त्यातली कितीतरी प्राण्यांमधूनच आली आहेत.

रानवाट

मग भिंत आणि जाडी उंदरात आहे का? तुमच्याच उत्तरातून डुक्कर किंवा कुत्रा निघतो. वळशाच्या लयीसाठी उंदीर घेणाऱ्याने हाच प्राणी का, हे नैतिक समितीला लेखी पटवून द्यावे. नाही पटले तर परवानगी नाही.

काढाचिकित्सा

तेवढ्यापुरते मान्य. पण तुम्ही धाग्यात सरसकट बंदी मागितली आहे, आणि कनेक्सिनच्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेले नाही.