कोरोनाचे निर्बंध उठले, आता काळजी किती घ्यायची? (२०२२ मधली चर्चा)

सावली:
मास्कची सक्ती गेली, ऑफिसने सोमवारपासून सगळ्यांना बोलावलंय. माझ्या आईचं चार वर्षांपूर्वी किडनीचं प्रत्यारोपण झालं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत, आणि अशा रुग्णांना लशीचं संरक्षणही कमी मिळतं. काल एका सहकारी मैत्रिणीच्या निरोप समारंभाला निघाले होते. चपला घातल्या, कडीला हात लावला आणि तशीच उभी राहिले. पाचेक मिनिटांनी चपला काढून आत आले. दोन वर्षं काय करायचं ते नियम सांगत होते, आता कोणीच सांगत नाही. तुम्ही कसं ठरवताय?

रानवाट:
जायला हवं होतंत. माझे वडील ८१ वर्षांचे. त्यांना कोरोना झाला नाही, तेवढी काळजी आम्ही घेतली. पण फिरणं सुटलं, मित्र सुटले. आता खुर्चीतून उठायला हात द्यावा लागतो आणि परवा मला भावाच्या नावाने हाक मारली. हे नुकसान कुठल्याच आकडेवारीत येत नाही. जोखीम शून्य कधी होणार आहे? लशी झाल्यात. घराबाहेर पडा.

तळटीप:
रानवाट, वडिलांबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण ‘लशी झाल्यात’ हे सावलीच्या आईला लागू नाही, ते त्यांनी वरच लिहिलंय. निर्बंध उठले याचा अर्थ रुग्णालयांना भार पेलेल असं वाटतंय, एवढाच. तो सगळ्या लोकसंख्येचा हिशोब आहे, एका घराचा नाही. फ्लूच्या मोठ्या साथीत अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने नोव्हेंबर १९१८ मध्ये मास्कची सक्ती उठवली आणि जानेवारी १९१९ मध्ये परत आणावी लागली. शिवाय लक्षणं दिसायच्या एकदोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो. ‘मला तर काहीच होत नाहीये’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही.

रानवाट:
१९१८ चा दाखला इथे पटत नाही. तेव्हा फ्लू विषाणूमुळे होतो हेही ठाऊक नव्हतं, लस तर दूरच. आज चाचणी घरी करता येते. एवढं हाताशी असूनही कडीला हात लावून माणूस परत फिरत असेल तर हे कधी थांबणार, ते तरी सांगा.

उंबरा:
जायचं की नाही यावरच सगळे अडकलेत. कुठे, किती वेळ आणि हवा कशी, हे आधी बघा. मी कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घेतलंय. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. आमच्या मीटिंगच्या खोलीत दार बंद करून आठ जण तासभर बसलो तर आकडा १,८०० च्या वर गेला, म्हणजे आम्ही एकमेकांनी सोडलेलाच श्वास घेत होतो. दोन खिडक्या उघडल्या, पंधरा मिनिटांत ९०० च्या खाली. यंत्र विषाणू मोजत नाही, पण खोली कोंदलीय हे कळतं. हा आजार हवेतून पसरतो, तरी आमच्याकडे अजून टेबलं पुसणं जोरात आहे आणि खिडक्या बंद! चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क घालणाऱ्यालाही वाचवतो, बाकीच्यांनी नाही घातला तरी.

रानवाट:
हे मान्य. खिडकी उघडायला माझा कधीच विरोध नव्हता. पण सावली, एक विचारू? आईंना विचारलंत का?

तळटीप:
विचारून काय होणार? मुलीला अडवायला नको म्हणून कुठलीही आई ‘जा’च म्हणेल. निर्णयाचं ओझं त्यांच्यावर टाकू नका.

सावली:
विचारलं. खरं तर विचारलं नव्हतं हेच रानवाट यांच्या प्रश्नाने लक्षात आलं. आई आधी रागावली. म्हणाली, “ऑपरेशन झाल्यापासून मी गर्दीत मास्क लावतेय, साथ यायच्या कितीतरी आधीपासून. कुठे जायचं, कुठे नाही, हे दर वेळी माझं मी ठरवलंय. तू दोन वर्षांपूर्वी शिकलीस आणि मला खोलीत बसवलंस.” मग स्वतःच अटी घातल्या. ऑफिसला जा, मास्क काढायचा नाही, जेवण बाहेर मोकळ्यावर. घसा जरा जरी खवखवला तर चाचणी एकदा निगेटिव्ह आली म्हणून सोडायचं नाही, दोन दिवसांनी परत करायची, आणि तोवर तिच्या खोलीत पाऊल नाही.

तळटीप, तुमची शंका मलाही होती. पण ती ‘जा’ म्हणून थांबली नाही. रविवारी तिला तिच्या मैत्रिणीकडे जायचंय, अंगणात बसणार आहेत दोघी. सोडायला मी जातेय.