मदत हवी आहे: हार्टच्या इमर्जन्सीत कॅशलेस नाकारलं, पुढे काय? (सातारा)

नमस्कार मंडळी. थोडक्यात मांडतो.

रुग्ण ५८ वर्षांचे, कोरेगावचे. पहाटे साताऱ्यात खाजगी हॉस्पिटलमध्ये दाखल, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. २ दिवस आयसीयू, २ दिवस रूम. बिल २,४०,०००. पॉलिसी जून २०१८ पासून विनाखंड. आधी ३ लाखांची, २०२३ मध्ये ५ लाखांची केली. बीपीची गोळी २०२० पासून. कॅशलेस (बिल थेट विमा कंपनीने भरणं) नाकारताना कारण दिलं, ‘बीपी १० वर्षांपासून, प्रपोजल फॉर्ममध्ये लपवलं’. पैसे भरून डिस्चार्ज घेतला. रूम ८,००० ची होती, पॉलिसीत मर्यादा ५,०००. टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) म्हणतं, रिइम्बर्समेंट (आपण भरलेले पैसे परत) मिळालीच तरी त्याच प्रमाणात अख्खं बिल कापणार. खरंय का?

प्रतिसाद १
कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला असं नाही. रिइम्बर्समेंट लावाच. मुदत पॉलिसीत बघा, बहुतेक ठिकाणी डिस्चार्जपासून १५ किंवा ३० दिवस. आणि टीपीएच्या तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. नकार विमा कंपनीचाच, लेखी आणि कोणत्या कलमाखाली ते लिहून हवा.

बीपीचा मुद्दा इथे टिकू नये. सलग ६० महिने झाले की ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच (ही मुदत आधी ८ वर्षांची होती, २०२४ मध्ये ५ वर्षांवर आणली). रक्कम वाढवली तर वाढीव भागाचे ६० महिने वेगळे मोजतात. पण तुमचे जुने ३ लाख केव्हाच त्यापलीकडे गेलेत आणि बिल त्यांच्या आतच बसतं.

प्रतिसाद २
कपातीचं गणित. ५/८ (मर्यादा ५,०००, रूम ८,०००) हे प्रमाण फक्त रूमभाडं आणि त्याला जोडलेल्या खर्चाला लागतं: डॉक्टरांची फी, व्हिजिट, नर्सिंग, प्रोसिजर चार्ज. औषधं, कन्झ्युमेबल्स (सिरिंज, ग्लोव्हज असं वापरून टाकायचं सामान), स्टेंट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना लागत नाही. समजा रूमचे १६,००० आणि जोडलेला खर्च ८०,०००, तर कपात ९६,००० चे ३/८, म्हणजे ३६,०००. अख्ख्या बिलावर लावली तर ९०,०००. फरक ५४,००० चा! म्हणून बिल हेडवाईज (प्रत्येक खर्च वेगळा दाखवून) मागा. ‘पॅकेज’ असा एकच आकडा असेल तर हा वाद घालायला जागाच उरत नाही. शिवाय त्या हॉस्पिटलात रूमनुसार दर बदलत नसतील तर जोडलेल्या खर्चावर ही कपात बसतच नाही, तसं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या.

कागद: डिस्चार्ज समरी, फायनल बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, मेडिकलची बिलं प्रिस्क्रिप्शनसह, स्टेंटचा स्टिकर आणि इनव्हॉइस, अँजिओची सीडी, रद्द केलेला चेक. ईसीजीच्या पट्टीची आजच झेरॉक्स काढा, थर्मल कागदावरचं काही महिन्यांत उडतं. मूळ कागद देण्याआधी सगळ्याचा एक सेट घरी ठेवा.

धागाकर्ता
आभार. ‘१० वर्षं’ कॅज्युअल्टीच्या कागदावर सापडलं, ‘के/सी/ओ एचटीएन १० इयर्स’ (म्हणजे १० वर्षांपासून बीपीचा रुग्ण). हॉस्पिटलवाले तिथेच खोडून दुरुस्त करून देतो म्हणतात.

प्रतिसाद १
अजिबात नको! कंपनीचा तपासनीस इनडोअर पेपर्सची (दाखल असतानाच्या हॉस्पिटलच्या नोंदींची) प्रत घेऊन जातो, कदाचित नेलीही असेल. दोन प्रती जुळल्या नाहीत की तीच ‘फसवणूक’ ठरते, आणि ६० महिन्यांचं संरक्षणही जातं. मूळ नोंद तशीच राहू दे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं वेगळं पत्र घ्या: नोंद नातेवाइकांच्या तोंडी माहितीवरून, चुकीची, निदान २०२० चं. सोबत २०२० चं पहिलं प्रिस्क्रिप्शन. ते हरवलं असेल तर कोरेगावच्या फॅमिली डॉक्टरांकडून तारखेसह दाखला. इनडोअर पेपर्सची प्रत लेखी अर्ज करून मागा, ७२ तासांत द्यावी लागते.

तरीही नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी), पुणे. सातारा त्यांच्याकडेच येतं. फी नाही, वकील चालत नाही, कंपनीच्या नकारापासून १ वर्षाच्या आत. ग्राहक आयोग साताऱ्यातच आहे, मुदत २ वर्षं, पण एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत.