नातवंडांसाठी कपडे शिवायला शिकायचंय, सुरुवात कशाने करू?

नात तीन वर्षांची, नातू वर्षाचा, दोघांनी माझ्या हातचं काहीतरी घालावं असं फार मनात आहे. मशीन आहे, सरळ टीप मारता येते, पण कापडाला कात्री लावायला हात धजावत नाही. आधी फ्रॉक शिवू का?

प्रतिसाद १
काकू, फ्रॉक नंतर, आधी इलास्टिकचा पायजमा, त्यात ना गळा ना बाही. नातीचा नीट बसणारा पायजमा उभा मधोमध दुमडून कागदावर ठेवा, कमरेचं इलास्टिक ताणून सपाट धरा, कडेने पेन्सिल फिरवा, बाजूंना दीड सेमी माया (शिलाईसाठी जास्तीची जागा) आणि वर नेफ्याला, म्हणजे इलास्टिक ओवायच्या दुमडीला, 4 सेमी सोडा. दुमडताना आसनाचा, म्हणजे दोन पायांमधल्या शिवणीचा, बाक पूर्ण बाहेर ओढा, तो आत राहिला तर बसताना काचतं.

प्रतिसाद २
सुती कापडच घ्या आणि कापायच्या आधी धुऊन इस्त्री करा, कारण ते पहिल्या धुण्यात आटतं. पातळ कॉटनला 11 नंबरची सुई, टाका अडीच मिमी. टीशर्टचं ताणणारं कापड एवढ्यात नकोच.

प्रतिसाद ३
नातवाच्या कपड्याला बटणं, मणी, नाड्या अजिबात नको, बाळ लगेच तोंडात घालतं. आणि आतली शिलाई टोचू नये म्हणून आधी सुलट बाजू बाहेर ठेवून शिवा, कड बारीक कापा, मग उलटं करून परत टीप मारा, सगळे धागे आत बंद होतात. थोडा वेळ जातो पण लहान मुलांसाठी हे कराच.

काकू
पायजमाच करते मग! इलास्टिकला आत पीळ पडतो त्याचं काय?

प्रतिसाद १
सेफ्टी पिनने ओवा, टोकं जोडायच्या आधी बोटांनी चाचपून सरळ करा, मग दोन्ही बाजूंच्या शिलाईवर नेफ्यातून उभी टीप मारा.