मदत हवी आहे: फाइनवेर्कबाऊ ६५ चे पिस्टन सील

मी फोंड्यात असतो. माझ्याकडे जुने फाइनवेर्कबाऊ ६५ एअर पिस्तूल आहे: ४.५ मिमी, स्प्रिंगचे, बाजूच्या दांड्याने भरायचे. ते कपाटात ठेवायचे नाही, १० मीटरवर सराव करायचा आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर पेलेट (छर्रे) चार बोटे खाली लागतात, आवाज पोकळ येतो आणि नळीतून तपकिरी चुरा निघतो. पिस्टन सील, म्हणजे हवा दाबणाऱ्या पिस्टनच्या तोंडावरचे हवाबंद पॅकिंग, झडत असावे असा माझा अंदाज.

नळी साफ केली, ब्रीच सील (नळीच्या मागच्या तोंडाचे पॅकिंग) नवे घातले, तीन प्रकारचे पेलेट वापरून पाहिले. फरक नाही. ट्रिगर मात्र ५०० आणि १३६० ग्रॅम या दाबाच्या दोन्ही सेटिंगवर अगदी नेमका सुटतो, त्याला हात लावू द्यायचा नाही. आत तेल सोडायला कृपया सांगू नका, स्प्रिंगच्या पिस्तुलात ते पेटते.

सील मिळाले नाही तर म्हापशाचा एक लेथवाला कातून द्यायला तयार आहे, पण कोणत्या मटेरियलचे ते त्याला मला सांगावे लागेल. स्प्रिंग कॉम्प्रेसर (उघडताना स्प्रिंग दाबून धरणारे साधन) माझ्याकडे नाही.

धक्का शोषणारी सरकती यंत्रणा न बिघडवता हे पिस्तूल उघडण्याचा क्रम कोणी स्वतः केला आहे का? सीलबरोबर स्प्रिंगही बदलावी का? आणि पुणे-कोल्हापूरकडे हे काम करणारा भरवशाचा कारागीर कोण?