प्रतिसाद: कन्सॉलिडेशनचा फॉरमॅट पाठ करावा का?
वर कुणीतरी म्हटलंय की कन्सॉलिडेशनचा (ग्रुपमधल्या सगळ्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचा) फॉरमॅट पाठ केला की पेपर निघतो, मला हे अजिबात पटत नाही. एमकॉमच्या लेव्हलला प्रश्न थोडा फिरवला की फॉरमॅट कामाचा राहत नाही. उदा. सबसिडियरीने (ताब्यातल्या कंपनीने) ८० ला पडलेला माल पॅरेंटला (ताबा असलेल्या मुख्य कंपनीला) १०० ला विकला आणि वर्षअखेर त्यातला अर्धा स्टॉकमध्ये पडून आहे, तर ग्रुपच्या दृष्टीने १० चा नफा अजून झालेलाच नाही, तो स्टॉकमधून काढायचा, आणि विकणारी सबसिडियरी असल्यामुळे त्यातला वाटा नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टवरही (सबसिडियरीतल्या बाहेरच्या शेअरहोल्डर्सच्या हिश्श्यावरही) टाकायचा. पॅरेंटने विकला असता तर नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टला हात लावायचा नाही. हे 'का' ते कळलं की एन्ट्री आपोआप सुचते.

कंट्रोलचंही (म्हणजे एखादी कंपनी सबसिडियरी धरायची का, याचंही) तसंच, ५१ टक्के शेअर्स शोधत बसू नका. आयएफआरएस १० मध्ये (कन्सॉलिडेशनच्या आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये) पॉवर, बदलते रिटर्न्स आणि त्या दोघांतला संबंध बघतात, त्यामुळे बाकीचे शेअर्स खूप विखुरलेले असतील तर ४५ टक्क्यांतही कंट्रोल असू शकतो.

गुडविलसाठी (सबसिडियरी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेसाठी) आयएफआरएसमध्ये एवढंच, दरवर्षी इम्पेअरमेंट टेस्ट (किंमत घटली का ते तपासणं), अमॉर्टायझेशन (दरवर्षी ठरावीक हिस्सा खर्चात टाकणं) नाही. आणि स्टँडर्डच्या शेवटी दिलेली इलस्ट्रेटिव्ह एक्झाम्पल्स आधी स्वतः सोडवा खरंच, गाइड नंतर उघडा.