चार पाथ दिसले म्हणजे फेलओव्हर (एक वाट गेली की दुसरीवर जाणं) झालं का? केबल ओढून बघावी की नाही?

घाटमाथा

सर्व्हरला दोन एचबीए कार्डं (बाहेरच्या स्टोरेजला जोडणारी) लावली, मल्टिपाथ चालू केलं, यादीत चारही पाथ 'ॲक्टिव्ह रेडी' दिसले. तरीसुद्धा चालू लोडवर प्रत्यक्ष केबल ओढून बघितल्याशिवाय त्या सर्व्हरला प्रॉडक्शनला लायक म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः त्याशिवाय हँडओव्हरच्या कागदावर सही करत नाही. यावरून ऑफिसात दर वेळी वाद होतो, म्हणून इथे मांडतोय.

ज्यांचा सॅनशी (स्टोरेजच्या वेगळ्या नेटवर्कशी) रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सर्व्हरची डिस्क बाहेर, स्टोरेज बॉक्समध्ये असते. सर्व्हरमधली दोन फायबर चॅनल कार्डं दोन वेगळ्या स्विचांना जोडायची, आणि स्टोरेजचे दोन्ही कंट्रोलर दोन्ही स्विचांना. त्यामुळे एकच डिस्क सर्व्हरला चार वाटांनी दिसते. लिनक्सचं मल्टिपाथ या चार वाटा एकत्र बांधतं आणि एक तुटली की दुसरीवरून काम चालू ठेवतं. एक कार्ड, एक स्विच किंवा एक कंट्रोलर गेला तरी वर डेटाबेसला कळूही नये, हा सगळा उद्देश.

आता माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो. एक सहकारी बँक, रेड हॅट लिनक्स, त्यावर कोअर बँकिंगचा डेटाबेस. सेटअप आमच्या आधीच्या टीमनं केलेला. रॅकमधला पीडीयू (वीज वाटणारी पट्टी) बदलायचा होता आणि छोट्या स्विचला पॉवर सप्लाय एकच. म्हणून ए स्विच बंद करायचं ठरलं. बी आहे ना, काही होणार नाही, असं सगळ्यांनीच धरलेलं. स्विच बंद केला आणि चारही पाथ एका झटक्यात 'फेल्ड फॉल्टी'. शाखांमधले काउंटर गोठले. डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड मारली तर तीही अडकून बसली, लोड ॲव्हरेज चारशेच्या वर, प्रोसेस सगळ्या डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कची वाट बघत लटकलेल्या. जबरदस्तीनं बंद करणाऱ्या किल मायनस नाइननंही हलत नव्हत्या.

बावीस मिनिटांनी स्विच परत चालू झाला आणि अडकलेलं सगळं पुढे सरकलं. मग मी रॅकच्या मागे बसून फिक्या निळ्या रंगाच्या दोन्ही केबलींवरून बोट फिरवत गेलो. दोन्ही ए स्विचमध्येच, पोर्ट ६ आणि ७. लेबल मात्र एकीवर ए आणि एकीवर बी. झोनिंग (कुणी कुणाशी बोलायचं ते स्विचवर ठरवणं) करणाऱ्याला दुसऱ्या कार्डाचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख क्रमांक) ए स्विचवरच लॉगिन झालेला दिसला, त्यानं तिथेच झोन बनवून टाकला. दोन कार्डं गुणिले दोन कंट्रोलर, चार पाथ. आकडा बरोबर, म्हणून दीड वर्ष कुणी संशय घेतला नाही.

पहिल्या दिवशी एक केबल ओढून उपयोग झाला नसता असं कुणी म्हणेल. म्हणून माझी पद्धत अशी: दोन्ही केबली एकामागून एक, मग प्रत्येक स्विच पूर्ण बंद, मग एकेक कंट्रोलर. दर वेळी वर सतत रीड-राइट चालू ठेवायचं आणि ते किती सेकंद थांबलं ते लिहून ठेवायचं.

---

पाटीपेन्सिल

घाटमाथा, अनुभव भयंकर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी गेली काही वर्षं चेंज मंजूर करण्याच्या बाजूला आहे आणि 'फक्त बघायला' ओढलेल्या केबलीनं झालेले आउटेज माझ्या फाइलीत कमी नाहीत. कनेक्टर पुन्हा लावताना धूळ जाते, क्लिप नीट बसत नाही, गर्दीच्या रॅकमध्ये शेजारची केबल निघते.

मुख्य म्हणजे तुमचा दोष केबलीला हात न लावता सापडला असता. सिस फाइलसिस्टिममध्ये क्लास, त्याखाली एफसी होस्ट. तिथे प्रत्येक पोर्टचा फोल्डर असतो आणि त्यात 'फॅब्रिक नेम' नावाची फाइल. दोन्ही होस्टची फाइल कॅट करून बघा. आकडा एकच आला तर दोन्ही पोर्ट एकाच फॅब्रिकमध्ये, म्हणजे स्विचांच्या एकाच जाळ्यात आहेत. अर्ध्या मिनिटाचं काम, धोका शून्य. ज्या टीमनं हे दीड वर्षात एकदा केलं नाही ती केबल ओढण्याची परीक्षाही नीट करणार नव्हती. चूक तपासणीच्या यादीत होती.

---

घाटमाथा

पाटीपेन्सिल, फॅब्रिक नेमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ती तपासणी आता माझ्या स्क्रिप्टमध्ये आहे, पण तेव्हा नव्हती आणि तो माझाही दोष.

पण ही फाइल वायरिंग सांगते. तार तुटल्यावर सर्व्हर कसा वागेल ते ती सांगत नाही. एक उदाहरण देतो. मल्टिपाथच्या कॉन्फ फाइलीत डीफॉल्ट्स विभागात 'नो पाथ रिट्राय' (सगळ्या वाटा गेल्यावर किती वेळा थांबून बघायचं) १२ लिहिलं, म्हणजे पाच सेकंदांच्या पोलिंगनं साठ सेकंद वाट बघायची आणि मग एरर द्यायची. फाइल उघडून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. पण त्या स्टोरेजसाठी मल्टिपाथच्या आत तयार सेटिंग आधीच असते आणि ती डीफॉल्ट्सवर वरचढ ठरते. 'मल्टिपाथडी शो कॉन्फिग' मारून चालू सेटिंग बघणारे किती जण आहेत? मला हे सगळे पाथ तोडून बघितल्यावरच कळलं, कारण साठ सेकंद होऊन गेले तरी एरर येईना.

---

इंद्रायणीकाठ

एआयएक्सवाली (आयबीएमचं युनिक्स) बोलतेय. मी घाटमाथांच्या बाजूची आहे, आणि कारण आमच्याकडचं आहे.

आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर दोन व्हीआयओएस असतात, म्हणजे कार्डं सांभाळणारी दोन छोटी पार्टिशनं. दोन्हींकडून क्लायंटला व्हर्च्युअल स्कझीनं डिस्क दिलेली. एक व्हीआयओएस अपडेट करून रीबूट केला, क्लायंट दुसऱ्यावरून मस्त चालला. सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात दुसरा रीबूट केला आणि क्लायंटची डिस्कच गेली. का? व्हर्च्युअल स्कझीच्या डिस्कवर 'एचचेक इंटरव्हल' मुळात शून्य असतो, म्हणजे तुटलेला पाथ बरा झाला का हे कुणी विचारतच नाही. पहिला व्हीआयओएस परत आला होता, पण 'एलएसपाथ'मध्ये त्याचा पाथ आठवडाभर 'फेल्ड'च पडून होता.

म्हणून नुसतं तोडून बघू नका, जोडूनही बघा. पहिली वाट परत 'एनेबल्ड' दिसल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. इंटरव्हल ६० करा, आणि फायबर कार्डावर एरर रिकव्हरी 'फास्ट फेल' आणि डायनॅमिक ट्रॅकिंग 'येस' करा. एआयएक्सच्या जुन्या आवृत्त्यांवर मूळ सेटिंग 'डिलेड फेल' असते, आणि एकापेक्षा जास्त वाटा असताना ती नको.

---

शून्य_लेटन्सी

दोन्ही बाजूंशी असहमत. केबल ओढणं ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे आणि तिच्यात पास झालेला सर्व्हर पाहून लोक निर्धास्त होतात, हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

केबल ओढली की लिंक डाउन होते. कार्डाला लगेच कळतं, 'फास्ट आयओ फेल'चे पाच सेकंद होतात, मल्टिपाथ दुसऱ्या वाटेवर जातं. पण प्रत्यक्षात तार अशी स्वच्छ तुटते कधी? मरतो तो एसएफपी, म्हणजे तारेच्या टोकाचं प्रकाश पाठवणारं मॉड्यूल, आणि हळूहळू मरतो. प्रकाश कमी होत जातो, सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याच्या) वाढतात, फ्रेम गळतात, आणि लिंक मात्र अप. स्कझी कमांड तीस सेकंदांच्या टाइमआउटपर्यंत लटकते, मग पुन्हा प्रयत्न, पुन्हा तीस सेकंद. आणि वाट जिवंत आहे का बघणारा चेकर? तो टेस्ट युनिट रेडी नावाची इवलीशी कमांड पाठवतो. ती खराब तारेवरूनही बऱ्याचदा सुखरूप पोचते, म्हणून पाथ 'रेडी'. मोठा डेटा गेला की फेल, पाच सेकंदांनी पुन्हा रेडी. त्यात फेलबॅक (बऱ्या झालेल्या वाटेवर परत जाणं) 'इमिजिएट' ठेवलेला असला आणि खराब वाट वरच्या प्रायॉरिटीच्या गटातली एकटीच असली, तर गाडी दर वेळी पुन्हा त्याच वाटेवर. मी एक रात्रभर हे बघितलंय. लॉगमध्ये 'फेलिंग पाथ' आणि 'रीइन्स्टेटेड' अशा दोनच ओळी, शेकडो वेळा. डेटाबेसवाले म्हणत होते क्वेरी स्लो आहे, स्टोरेजवाले म्हणत होते आमच्याकडे हिरवं आहे.

यावर उपाय वेगळा. एफसी होस्टच्याच फोल्डरात 'स्टॅटिस्टिक्स' आहे, त्यात सीआरसी, लिंक फेल्युअर आणि सिंक गेल्याचे काउंटर असतात. ते मॉनिटरिंगमध्ये घ्या. मल्टिपाथमध्ये 'मार्जिनल पाथ'च्या सेटिंग आहेत, त्या सतत चुका करणाऱ्या वाटेला बाजूला बसवून ठेवतात. आणि फेलबॅक मॅन्युअल ठेवा, माणसानं बघून मगच परत आणावं.

---

घाटमाथा

शून्य_लेटन्सी, एसएफपीचं पटलं, मी त्या बाजूनं विचार कमी केला होता. पण फेलबॅक मॅन्युअल? रात्री तीनला कंट्रोलर रीबूट झाला आणि सगळे सर्व्हर नॉन-ऑप्टिमाइज्ड (लांबच्या) वाटेवर जाऊन बसले, तर सकाळी एकेका सर्व्हरवर कोण जाणार? आमच्याकडे दीडशे सर्व्हर आहेत. आलुआच्या स्टोरेजवर, जिथे वाटा अशा जवळच्या-लांबच्या असतात, मी इमिजिएटच ठेवणार, मार्जिनल सेटिंगसोबत.

---

पंचगंगा

आमची छोटी कंपनी, दोनच सर्व्हर आणि एक स्टोरेज. व्हेंडरनं दोन पोर्टांचं एकच कार्ड दिलंय आणि म्हणतो तेवढं पुरे. दोन कार्डांचा खर्च खरंच वसूल होतो का? आमच्या साहेबांना हे समजावणं अवघड आहे.

---

शून्य_लेटन्सी

पंचगंगा, तार, एसएफपी, स्विच आणि कंट्रोलर यांच्यासाठी दोन पोर्ट पुरतात, आणि बहुतेक बिघाड तिथेच होतात. कार्ड स्वतः किंवा त्याचा पीसीआय स्लॉट गेला तर मात्र दोन्ही पोर्ट एकदम जातात. पैसे एकदाच मिळणार असतील तर आधी दोन स्विच वेगवेगळ्या पॉवरवर घ्या, दुसरं कार्ड त्यानंतर.

---

इंद्रायणीकाठ

इथे मी असहमत. कार्ड क्वचित मरतं, खरं आहे. पण त्याचं फर्मवेअर अडकतं, आणि तेव्हा दोन्ही पोर्ट एकत्र अडकतात. सर्व्हर मागवतानाच दोन कार्डं लिहा. नंतर घ्यायचं म्हटलं की डाउनटाइमही मागावा लागतो.

---

दर्यावर्दी

सगळे जण वाट बदलण्याबद्दल बोलताहेत, पण सगळ्याच वाटा गेल्या तर काय, यावर कुणी थांबलं नाही. घाटमाथा, तुमच्या बँकेत 'क्यू' (सगळ्या वाटा गेल्या तरी एरर न देता थांबून राहायचं) होतं म्हणून बावीस मिनिटांनी सगळं सुखरूप सुरू झालं. 'फेल' (लगेच एरर द्यायची) असतं तर राइट एररनं फाइलसिस्टिम रीड-ओन्ली झाली असती, डेटाबेस पडला असता आणि रिकव्हरीत रात्र गेली असती. त्या 'क्यू'नंच वाचवलं तुम्हाला.

---

घाटमाथा

एकट्या सर्व्हरवर हो, मान्य. पण तोच डेटाबेस आता दोन नोडच्या क्लस्टरमध्ये आहे. तिथे 'क्यू' ठेवलं तर नोड ना जिवंत ना मेलेला. डिस्क गेल्याची एररच वर पोचत नाही, मग दुसऱ्या नोडनं ताबा घ्यायचा कधी? म्हणून तिथे आकडा घातला. साठ सेकंद थांब, मग एरर दे आणि दुसऱ्याला येऊ दे.

---

दर्यावर्दी

क्लस्टरला मान्य. मग मूळ धाग्यात तेही लिहा, नाहीतर कुणीतरी एकट्या सर्व्हरवर 'फेल' टाकून बसेल.

---

नवखा_हडपसर

दादा, ताई, मी या कामात आठ महिने आहे. हा धागा वाचून आत्ता आमच्या चार सर्व्हरवर फॅब्रिक नेम बघितलं. तिघांवर दोन होस्टचे दोन वेगळे आकडे आले. चौथ्यावर दोन्हीकडे तोच आकडा. तीनदा बघितला, अंकन् अंक तोच. पाथ मात्र चारच्या चार 'ॲक्टिव्ह रेडी रनिंग'. आत्ता काय करू? तो पगाराचा सर्व्हर आहे.

---

पाटीपेन्सिल

आज काहीही करू नकोस. दोन्ही स्विचवर कुठला डब्ल्यूडब्ल्यूपीएन कुठल्या पोर्टला लॉगिन आहे ते लिहून घे, रॅकच्या मागचे फोटो काढ आणि वरिष्ठांना आजच मेल कर. पगार झाल्यानंतरच्या शनिवारी रात्रीची विंडो (कामासाठी ठरवून दिलेली वेळ) माग. बी स्विचवर त्या कार्डाचा झोन आधीच बनवून ठेव, मग केबल हलवायची. आणि घाटमाथा, बघा, हा दोष केबलीला हात न लावता सापडला.

---

घाटमाथा

सापडला, आणि मला फार बरं वाटलं. आता केबल हलवावी तर लागणारच. नवखा, बॅकअप झालाय हे बघून घे आणि काढण्याआधी पहिल्या कार्डाचे दोन्ही पाथ रेडी आहेत ना, ते बघ. ए मधून काढलेलं टोक लगेच बी मध्ये घालू नकोस. धुळीचं टोपण लावून दोन मिनिटं हातात धर, तोवर दुसऱ्या खिडकीत लॉग बघत राहा. किती सेकंदांनी दोन पाथ फेल झाले, वरचं राइट किती वेळ थांबलं, ते वेळेसकट लिहून घे. मग बी मध्ये घाल आणि चार पाथ परत येईपर्यंत जागचा हलू नकोस. सर्व्हर सॅनवरून बूट होत असेल तर दुसऱ्या कार्डाच्या बायोसमध्येही बूट चालू आहे का, तेही त्याच विंडोत बघ. चालू सर्व्हर एका वाटेवर तगतो, पण रीबूट केल्यावर त्याच वाटेनं उठत नाही, असं मी बघितलंय.

---

नवखा_हडपसर

मेल केला. फोटोही काढले, दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये आहेत, पोर्ट ११ आणि १२. विंडो मिळाली की आकडे इथेच टाकतो.